दारात थांबलेली गाडी

“डॉक्टर! आरं डॉक्टर कुठं मेलाय?” बजरंग ओरडला.

“तुझ्या मागंच हाय लगा,” मी म्हणालो. “पण तू जरा थांबशील तर मलमपट्टी करू न्हवं?”

“पहिलवान थांबत नसतोय.”

“मग मर.”

आणि तो मेला. पडद्यावरचा त्याचा जाडजूड, तांबड्या सदऱ्याचा पहिलवान हवेत उडाला, भिंतीवर आपटला आणि त्याची बंदूक एकीकडे, टोपी दुसरीकडे जाऊन पडली. बजरंगनं माउस टेबलावर आपटला. काउंटरमागून निवासदादाचा आवाज आला, “बजा, माउस म्हंजे ढोल न्हवं. फुटला तर नवा आणायला लावीन.”

विट्यात एस.टी. स्टँडच्या मागच्या बोळात निवास माळीचा सायबर कॅफे होता. ही गोष्ट तिथली, बऱ्याच वर्षांपूर्वीची. आम्ही सहाजण ‘नवजीवन ब्रास बँड’चे वाजवणारे. लग्नसराई नसली की आम्हाला दुपारभर काही काम नसायचं आणि निवासदादाचे बारा संगणक दुपारी रिकामे असायचे. परीक्षेचे फॉर्म भरणारी पोरं सकाळी येऊन जात. दुपारी आम्ही.

गेमचं इंग्रजी नाव आमच्यापैकी कोणालाच नीट घेता येत नसे. आम्ही त्याला ‘गाडीचा गेम’ म्हणायचो. दोन बाजू, तांबडी आणि निळी. प्रत्येक बाजूला सहाजण. एका बाजूनं रुळावरची एक गाडी ढकलत दुसऱ्याच्या हद्दीत शेवटपर्यंत न्यायची, दुसऱ्यानं ती अडवायची. गाडीला कोणी खेटून चाललं तरच ती पुढे सरकायची, जितकी माणसं जास्त तितकी जोरात. सगळे बाजूला झाले की जागच्या जागी उभी. खेळणाऱ्यानं आपलं सोंग आधी निवडायचं आणि प्रत्येक सोंगाचं काम वेगळं. त्यांना नावं आमची आम्हीच दिली होती. मोठी बंदूक घेऊन संथ चालणारा तो पहिलवान, आग फेकणारा तो बंबवाला, आपोआप चालणारी तोफ बांधणारा तो मिस्त्री, लांबून एका गोळीत उडवणारा तो नेमबाज, शत्रूचे कपडे घालून त्याच्यातच मिसळणारा तो बहुरूपी. आणि सगळ्यांच्या मागे पळत मलमपट्टी करणारा डॉक्टर. मेलं तरी फार बिघडत नसे. थोडा वेळ थांबलं की पुन्हा जिवंत.

डॉक्टर व्हायला कोणी तयार नसायचं. मी बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचो. सगळ्यांच्या मागं राहून ठेका धरायची सवय होती, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. मला ते आवडायचं, हे मात्र मी कोणाला सांगितलं नाही. पडायला आलेला माणूस आपल्यामुळे उभा राहतो आणि ओरडत पुन्हा पुढे धावतो, यात गोळी मारण्यापेक्षा जास्त मजा होती.

त्या दिवशी बजरंग पुन्हा जिवंत व्हायची वाट बघत असताना दारातला पडदा बाजूला झाला आणि अण्णा आत आले. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते, बँडचे मास्तर, क्लॅरोनेट वाजवायचे. चपला बाहेर काढून ते बजरंगच्या खुर्चीमागे उभे राहिले.

“हा कोण पडलाय?”

“मीच हाय, अण्णा.”

“मेलास व्हय रं?”

“उठतोय आता. हे बघा, उठलो.”

अण्णांनी थोडा वेळ बघितलं. समोरून निळ्या बाजूचा एकजण आला, बजरंगनं त्याला उडवला. “आता हा बी उठणार?”

“व्हय.”

“मग भांडताय कशाला?” अण्णा म्हणाले. आम्ही सगळे हसलो. ते हसले नाहीत. एक खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “जतचा पवार आला हुता. वाद्यं बघून गेला.”

बटणांचा खडखडाट थांबला.

गणपती आणि नवरात्र गेल्या दोन वर्षांपासून डीजेवाल्यांकडे गेले होते. उरली होती लग्नं. तीही एकेक करून त्यांच्याकडेच चालली होती.

“दसऱ्यापातूर बघतो,” अण्णा म्हणाले. “तुळशीच्या लग्नानंतरची एक जरी सुपारी हातात आली तर ह्या वर्षी बँड उभा करू. न्हाईतर पवाराला देऊन टाकतो सगळं. पितळ पडून राहिलं की हिरवं पडतंय.”

“एक सुपारी तर येईल की अण्णा,” तानाजी म्हणाला. तानाजी आमचा ट्रम्पेट, गेममधला नेमबाज. त्याच्या मामानं त्याला पुण्यात वॉचमनची नोकरी बघून ठेवली होती. बजरंगला त्याचा भाऊ पोल्ट्रीवर बोलवत होता. बाकीचे तिघे माझे चुलतभाऊ, सॅक्सोफोन, युफोनियम आणि झांज. ते जिकडे काम मिळेल तिकडे गेले असते. माझं काय होणार, हे मी ठरवलंच नव्हतं. मला ड्रम सोडून दुसरं काही करायचं नव्हतं.

अण्णा उठले. जाताना निवासदादाला म्हणाले, “ह्यास्नी पाच वाजता हाकलून द्या. पाण्याची पाळी हाय.”

सुपारी आमच्या नाकासमोरच होती. निवासदादाचं लग्न ठरलं होतं, तुळशीच्या लग्नानंतर लगेचच. मुलगी खानापूरची. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत निघणार होता. पण ती सुपारी आम्ही अजून मागितली नव्हती आणि तिच्यावर डोळा असणारे दुसरेही होते. दुपारी आमच्या समोरच्या रांगेत निळ्या बाजूनं खेळणारे सहाजण ‘शेडगे साउंड’ या डीजेचे होते. त्यांचा म्होरक्या पव्या शेडगे. दिवसभर आवाजात राहून त्याला हळू बोलायची सवयच राहिली नव्हती.

“निवासदादा, आपला नवा सेट आलाय. तुझ्या परण्यात पहिल्यांदा लावणार. खानापूरपातूर खिडक्या वाजल्या पायजेत.”

“खानापूरला माझी सासू ऱ्हाती लगा. खिडक्या फोडून कसं जमंल?”

“मग बँड लाव,” बजरंग म्हणाला.

“आई बँडच म्हणती. सासरची डीजे म्हणत्यात. मी मधी अडकलोय.” निवासदादानं आमच्याकडे बघितलं, मग पव्याकडे. “एक काम करू. तुमची मॅच लावू. गाडीचा गेम. जिंकंल त्याचा परण्या. मग आईला बी सांगता येतंय, सासऱ्याला बी.”

“डन!” पव्या ओरडला. “बँडवाल्यांनो, पितळ घासून ठेवा. ऱ्हायलेला वेळ त्यातच जाणार तुमचा.”

“तू वायरी गुंडाळून ठेव,” तानाजी म्हणाला.

बोलायला हे ठीक होतं. खरं म्हणजे डीजेवाले आमच्यापेक्षा चांगले खेळायचे. तेव्हापर्यंत आम्ही त्यांच्याकडून बहुतेक वेळा हरलोच होतो. त्यांच्यापैकी एकजण बहुरूपी व्हायचा. तांबडे कपडे घालून आमच्यात शिरायचा आणि मागून सुरा घालून आधी मलाच मारायचा. डॉक्टर मेला की बाकीचे पटापट पडायचे.

सरावाच्या पहिल्या दिवशी आम्ही भांडलो. तानाजी नेमबाज होऊन कुठल्या तरी छपरावर बसायचा. बजरंग एकटाच पुढे घुसायचा. चुलतभाऊ आपापल्या दिशेनं. गाडीजवळ कोणीच नाही.

“गाडी कोण ढकलणार?” मी विचारलं.

“तू ढकल की. तुला काय काम हाय?”

“मी डॉक्टर हाय. तुम्ही पाच जण पाच गावांत मरताय, मी कुठं कुठं पळू?”

मग युफोनियमवाला जालिंदर, तो फार बोलत नसे, तो म्हणाला, “वरातीत जनरेटरची गाडी असती न्हवं. तिला सोडून जातो का कोण?”

“न्हाई.”

“मग हिला का सोडताय?”

एवढंच. त्यानंतर आम्ही गाडी सोडली नाही. दिव्यांच्या आणि जनरेटरच्या गाडीभोवती रस्त्यानं चालायची आम्हाला सवय होती. पुढे कोण, बाजूला कोण, चढ आला की कोणी मागं हात लावायचा, वळणावर आतल्या बाजूच्यानं पाऊल लहान कधी करायचं, हे कोणाला सांगावं लागत नव्हतं. मी टेबलावर बोटांनी ठेका धरायचो आणि त्या ठेक्यावर सहाजण चालायचे. तानाजीनं बंदूक बदलली आणि बंबवाला झाला, कारण छपरावर बसून ठेक्यावर चालता येत नव्हतं. बहुरूपी आमच्यात शिरला तरी दोन पावलांत सापडायचा. त्याचं पाऊल चुकायचं. बजरंग वळून न बघता म्हणायचा, “हा आपला न्हाई,” आणि गोळी घालायचा. ते दहा-बारा दिवस आम्ही इतके हसलो की शेजारचा झेरॉक्सवाला दोनदा बघायला आला.

मॅच घटस्थापनेच्या आदल्या रविवारी दुपारी झाली. बोळातली पोरं, झेरॉक्सवाला, निवासदादाची आई, सगळे भिंतीला टेकून उभे होते. अण्णा आले नाहीत. “मला त्यातलं कळत न्हाई,” म्हणाले आणि क्लॅरोनेट घेऊन घरीच बसले.

आधी डीजेवाल्यांनी गाडी ढकलायची होती, मग आम्ही. ज्याची गाडी जास्त लांब जाईल तो जिंकला.

त्यांनी सुरुवातीलाच धडाका लावला. पव्या आणि त्याचे दोघे रॉकेटं सोडत पुढे आले, आमची पहिली दोन नाकी घेतली. माझ्या कानांत नुसते स्फोट आणि पव्याचं ओरडणं. रुळांच्या शेवटी एक मोठं लोखंडी दार होतं. त्या दाराच्या आत गाडी गेली की संपलं. दारापाशी जालिंदरनं मिस्त्री होऊन तोफ बांधली होती. बजरंग दाराच्या मधोमध उभा आणि मी त्याच्या पाठीशी. तो थांबायला शिकला होता. पव्यानं गाडी दाराला आणून टेकवली आणि तिथून ती हलेना. तीनदा आले, तीनदा पडले. शेवटी भोंगा वाजला.

“दारापातूर!” निवासदादानं जाहीर केलं. “बँडवाल्यांनी दाराच्या आत नेली तर बँड. आधीच अडकली तर डीजे.”

“नेत्यात कुठली,” पव्या घाम पुसत म्हणाला. पण त्याचा आवाज हळू झाला होता.

मग आमची पाळी. मी टेबलावर ठेका धरला.

ती गाडी आम्ही कशी नेली हे आजही मला सरळ आठवतं, कारण त्यात गडबड नव्हती. आम्ही धावलो नाही. पहिल्या नाक्यावर तानाजी पडला. तो परत येईपर्यंत बाकीच्यांनी गाडी सोडली नाही. दुसऱ्या नाक्यावर बहुरूपी सापडला. निवासदादाची आई म्हणाली, “कसं नीट चाललंय बघा. एकाला एक धरून.” मी बजरंगच्या मागे, माझ्या मलमाच्या पिचकारीचा झोत त्याच्या पाठीवर, आणि तो डावीकडे-उजवीकडे डोलत, गोळ्या खात आणि गोळ्या घालत चाललेला. डीजेवाले मागे सरत सरत दाराच्या आत गेले आणि तिथं सगळी हत्यारं रोखून बसले.

गाडी दाराला टेकली. वेळ शिल्लक होता. फक्त आत न्यायची होती.

आणि आम्ही थांबलो.

कोणी हाक दिली नाही, कोणी खूण केली नाही. तानाजी आणि दोन चुलतभाऊ दाराच्या डावीकडे झाले. बजरंग, जालिंदर आणि मी उजवीकडे. दोन रांगा, तोंडं समोरासमोर. मध्ये गाडी एकटीच उभी.

“आरं ढकला!” निवासदादा ओरडला.

आत डीजेवाल्यांना काय चाललंय ते कळेना. थोडा वेळ वाट बघून पव्या ओरडला, “पळाले लगा! धरा!” आणि ते सहाच्या सहा दारातून बाहेर धावले. बरोबर दोन रांगांच्या मधून. आम्ही दोन्हीकडून गोळ्या घातल्या. एकही उरला नाही. भिंतीला टेकलेल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. दाराच्या आत आता कोणीच नव्हतं. मोकळा रस्ता, मध्ये आमची गाडी.

आम्ही रांगेतच उभे होतो.

“जा की,” बजरंग पुटपुटला. तो गाडीला म्हणत होता.

मला उमजलं तेव्हा मी “आरं, आपल्यालाच ढकलायची हाय!” असं ओरडत बटण दाबलं. तोवर भोंगा वाजला.

खोलीत असा हशा झाला की पव्या खुर्चीवरून खाली आला. हसता हसताच त्यानं विचारलं, “हे काय केलंसा लगा? काय हुतं हे?”

“दार आलं न्हवं,” तानाजी म्हणाला. तो हसत नव्हता. त्याचं तोंड उतरलं होतं.

“आलं की. मग?”

“मग काय. दारात थांबायचं असतंय. मांडवाचं दार आलं की आमी दोन बाजूला हुतो, नवरदेव मधनं आत जातोय.”

“आन तुमी?”

“आमी भाईरच की,” बजरंग म्हणाला. “आत आमचं काय काम?”

त्यानं ते अगदी सहज सांगितलं. आम्हालाही ते तसंच वाटायचं. माझे आजोबा दारात थांबले, अण्णा थांबले, आम्ही थांबलो. मांडवात शेवटची पंगत उठली की आमची पानं मागं चुलीपाशी मांडायचे. त्यात कोणी वाईट बोलायचं नाही, कोणी आत या असंही म्हणायचं नाही. पण त्या दिवशी ते बोलणं खोलीत पडून राहिलं. निवासदादा हसायचा थांबला होता. त्याची आई आमच्याकडे बघत होती.

“बरोबरी झाली,” झेरॉक्सवाला म्हणाला. “दोघांची बी दारापातूर. आता काय करायचं?”

पव्या उठून पँट झटकत होता. “बरोबरी कुठली? आमची गाडी दारात अडकली. ह्यांनी त्यांची आपणहून थांबवली.” तो निवासदादाकडे वळला. “परण्या ह्यांना दे. रातच्या वरातीला आपला सेट लाव. पर आवाज मी ठरवणार, तुझी सासू न्हाई.”

निवासदादानं त्याच दिवशी आमच्या घरी येऊन अण्णांच्या हातात सुपारीचा नारळ ठेवला. तो गेल्यावर अण्णांनी मॅचची सगळी हकिगत ऐकली. जालिंदरनं रांगा कशा झाल्या ते ताटं-वाट्या मांडून दाखवलं.

“आन मग दारात थांबलो बघा, अण्णा. जिंकलेली मॅच.”

अण्णांना त्यात सांगण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. “मग? कुठं थांबणार हुता?” एवढं म्हणून ते क्लॅरोनेटची पत्ती बदलायला लागले.

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही मारुतीच्या देवळापासून निघालो. तांबडे कोट, पांढरे बूट, कोटांना नव्यानं लावलेली सोनेरी फीत. अण्णा सगळ्यांत पुढे. खानापूरची माणसं आधी नाक मुरडत होती, नंतर त्यांच्यातलेच चार जण नाचायला लागले. पव्या आणि त्याची पोरं पाहुण्यांत मिसळून आली होती. बजरंगच्या ढोलासमोर पव्यानं केलेला नाच मी कधी विसरणार नाही.

मांडव आला. आम्ही दोन बाजूला झालो. नवरीच्या आईनं निवासदादाला ओवाळलं, पायांवर पाणी घातलं. अण्णांनी मोठा सूर लावला, आत जायचा.

निवासदादा हलला नाही.

“चला जावईबापू,” सासरे म्हणाले. “मुहूर्त गाठायचाय.”

“अण्णा,” निवासदादा म्हणाला, “पुढं चला.”

अण्णांनी क्लॅरोनेट तोंडातून काढलं. “आमी हितंच बरं. तुमी व्हा.”

“हितंच तुमच्या पोरांनी घोळ केला. मॅच हातात आलेली सोडली. आज सोडायची न्हाई.”

मागून खानापूरचे एक म्हातारे पाहुणे कोणाला तरी विचारत होते, “आत? बँड आत न्यायचा?” निवासदादानं ते ऐकलं. मुंडावळ्या बाजूला सारून तो म्हणाला, “मग मी बी हितंच उभा ऱ्हातो की. अक्षता भाईर टाका.”

सासरे गोंधळले. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग अण्णांकडे. आणि हात पुढे केला, “चला मास्तर. लौकर चला.”

अण्णा उभेच होते. मग त्यांनी खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट दाराशी नीट जोडून ठेवले आणि नुसत्या मोज्यांवर आत पाऊल टाकलं. सूर पुन्हा लावला. मी ठेका धरला. आम्ही नवरदेवाच्या दोन्ही बाजूंनी चालत बोहल्यापर्यंत गेलो. बायका सतरंजीवरून पाय आवरून वाट करून देत होत्या. पव्या मागून ओरडला, “पोचली लगा गाडी!”

जेवणं झाली. त्या दिवशी आम्ही मधल्या पंगतीला बसलो. निवासदादाची आई वाढत होती आणि बजरंगनं जिलेबी चार वेळा घेतली. नंतर अण्णा मांडवाच्या खांबाला टेकून क्लॅरोनेट फडक्यानं पुसत बसले. आम्ही भोवती बसलो.

“आत आवाज कोंडतोय,” अण्णा म्हणाले. “कापडाचं छत हाय. बजा, ढोल दाबून वाजवायचा पुढच्या टायमाला.”

बजरंगनं मान हलवली. मग म्हणाला, “पर अण्णा, पुढच्या टायमाला कोण आत बोलवंल का?”

अण्णांनी क्लॅरोनेटचे तुकडे पेटीत एकेक करून ठेवले आणि पेटीची कडी लावली.

“आता बोलवायचं काय त्यात? वाट म्हाईत झाली की.”